अर्धी पट्टी खाली

मी एक जुना पियानो आहे, असं मी आपणहून कधी म्हटलं नसतं. पण परवा खोली झाडणाऱ्या मावशी माझ्यावरून फडकं फिरवत म्हणाल्या, "जुना असला तरी बरा आहे हो हा." मला ते पटलं. तेव्हा मित्रांनो, तुम्हीही तसंच समजा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लाकडाला हात लावण्याआधी ते काही वर्षं नुसतं वाळत ठेवायचे, म्हणजे जन्माआधीच मला वाट बघायची सवय लागली. माझ्या पोटात दोनशेहून जास्त तारा आहेत. प्रत्येक तार एका खुंटीला गुंडाळलेली, आणि ती खुंटी तारेला रात्रंदिवस ताणून धरून उभी. बाहेरून मी कितीही शांत दिसलो तरी आत सारखी ओढाताण चालू असते. हे कसं जमतं ते समजलं नाही तर आईला विचारा, ती सांगेल.

पहिली काही वर्षं मी दातांच्या एका डॉक्टरांकडे होतो. आलेल्या माणसांना ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "घरात सगळ्यांत जास्त दात याला, आणि एकही किडलेला नाही." त्यांच्या मुली शिकल्या, मोठ्या झाल्या, लांब गेल्या. मग चार हमालांनी मला एका अरुंद जिन्यावरून, दर तीन पायऱ्यांना माझा उद्धार करत, वर चढवलं. तेव्हापासून मी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या या लांब खोलीत आहे. सहा खिडक्या, चाळीस घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात छत्र्यांसाठी एक डबा, आणि खालून दिवसभर येणारा पंपाचा फुसफुस आवाज.

दर गुरुवारी संध्याकाळी इथे आमचा गानवृंद जमतो. कुणी बँकेत, कुणी टायरच्या दुकानात, एक दवाखान्यात परिचारिका. पोटासाठी कुणीच गात नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या मोठ्या समूहरचना ही माणसं कामावरून दमून येऊन शिकतात, आणि त्यांना शिकवतात बाई. बाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या माझ्यासमोर बसतात, उजव्या हातानं सूर देतात, डाव्या हातानं माणसांना गप्प करतात.

गावात वाद्यवृंदही आहे. तो दर मंगळवारी एका शाळेच्या दालनात सराव करतो, आणि त्याचे संचालक म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. आठवडाभर ते चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतात आणि मंगळवारी वाद्यांना इशारे देणारी काठी हातात घेतात. वाद्यवृंदात सगळे त्यांना सर म्हणतात. बाई त्यांना भर सभेत छोटू म्हणतात. छोटू बावन्न वर्षांचे आहेत.

आता इथली पद्धत नीट लक्षात घ्या, कारण घोटाळा तिथेच झाला. दोन्ही वृंद वर्षभर वेगवेगळे सराव करतात आणि मैफलीच्या आधी जेमतेम एकदोनदा एकत्र येतात. वाद्यवृंद ओबोवर जुळतो. ओबो म्हणजे फुंकून वाजवायचं एक बारीक, काळं वाद्य. त्यातून निघालेल्या एका सुरावर बाकीचे तीस जण आपापल्या तारा लावून घेतात. तो सूर म्हणजे पियानोवरची पांढरी सहा. आणि गानवृंद? तो जुळतो माझ्यावर.

माझ्या तारा सैल होत होत्या. एकदम नाही हो, वर्षाला केसभर. सगळ्या मिळून सारख्याच सैल होत असल्यामुळे माझं मला ऐकून काही बिघडलंय असं वाटत नव्हतं. वाद्य जुळवणाऱ्याला बोलवायचा विषय कधीमधी निघायचा. बाई दोन पट्ट्या वाजवून बघायच्या आणि म्हणायच्या, "लागलेला आहे की." कारण माझ्याबरोबर त्यांचा कानही खाली आला होता. वरच्या सुरात गाणाऱ्या बायका तर खूश होत्या. पूर्वी जिथे मान वर करून डोळे मिटायला लागायचे तिथे त्या आता हसत पोचायच्या. दर वर्षी आपला आवाज सुधारतोय, अशी सगळ्यांची समजूत होती. परिचारिका ताई तर म्हणायच्या, की वयाबरोबर गळा मोकळा होतो. बाईंची तारीफ व्हायची आणि मीही ती थोडी स्वतःकडे ओढून घ्यायचो.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या मैफलीत मात्र सगळं उघडं पडलं. मोठ्या सभागृहात मी जात नाही, तिथे लांबलचक काळा पियानो आहे. पण पुढच्या गुरुवारी मला सगळं ऐकायला मिळालं. त्या रचनेत शेवटाला एक पान असं होतं की वाद्यं थांबतात आणि फक्त गाणारे गात राहतात. मग वाद्यं पुन्हा येऊन मिळतात. एकत्र सरावाला वेळ अपुरा पडल्यामुळे ते पान तिथे राहूनच गेलं होतं. वाद्यं थांबेपर्यंत गाणारे त्यांच्या आधारानं नीट होते. एकटे पडल्यावर मात्र ते घरी गेल्यासारखे माझ्या सुरावर उतरले. वाद्यं परत आली ती वरच्या सुरावर. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं म्हणे. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून हातात घेऊन बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंचे भाऊ या खोलीत आले. पुढच्या हंगामाच्या चार मैफिली ठरवायच्या होत्या. ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

"ताई, या हंगामात फक्त वाद्यवृंद ठेवू या का?"

"माझ्याकडे बघून बोल, छोटू."

"चारही मैफिली. गाणं एक वर्ष राहू दे."

"एक वर्ष राहिलेलं कायमचं राहतं. माझं पोहणं तसंच राहिलं."

बऱ्याच वेळानं एवढं ठरलं, की हंगामाचं पत्रक छापायला जाण्याआधीच्या रविवारी दोन्ही वृंद एकत्र बसतील. ते बिनवाद्याचं पान नीट झालं तर पहिली आणि शेवटची मैफल गानवृंदाबरोबर. नाही झालं तर गानवृंदाचं नाव पत्रकात नसेल. हातात दहा आठवडे होते. भाऊ गेल्यावर बाई माझ्यापाशी बसून राहिल्या. गानवृंद एकदा पत्रकातून गेला की गुरुवारी येणारी माणसंही हळूहळू येईनाशी होतील, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

आपला कान गेला, असं बाईंनी मनाशी धरलं. त्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, थोडा मळ आहे, थेंब घाला. ते थेंब घेऊन एका दुपारी औषधांच्या दुकानाचे मालक स्वतः जिना चढून आले, कारण बाईंनी त्यांना शाळेत नकाशे शिकवले होते. हेच गृहस्थ वाद्यवृंदात ओबो वाजवतात. वाद्य त्यांच्या पिशवीत होतं. सहज म्हणून त्यांनी ते काढलं आणि बाईंना पांढरी सहा दाबायला सांगितली.

बाईंनी दाबली. त्यांनी फुंकलं. दोन जाडी माणसं एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघतात, तसे आमचे दोघांचे सूर एकमेकांना घासले.

"तुझी चढलीये," बाई म्हणाल्या.

"बाई, तीस जण माझ्यावर जुळवून घेतात."

"मग तीस जणांची चढलीये."

औषधवाल्यांनी मोबाइल काढला. त्यात सूर मोजणारी एक सुई असते. त्यांच्या सुराला ती मधोमध उभी राहिली. माझ्या सुराला ती डावीकडे गेली ती गेलीच. पांढरी सहा म्हणून मी जे देत होतो ते अर्ध्या पट्टीहून जास्त खाली होतं, शेजारच्या काळी चारच्याच अंगणात.

बाईंनी ती पट्टी तीनदा दाबून बघितली. मग हात मांडीवर ठेवले.

"म्हणजे माझे कान शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "आणि तरी इतकी वर्षं मी चाळीस माणसांना खाली घेऊन बसले."

मित्रांनो, त्या वेळी माझं झाकण आपोआप मिटलं असतं तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पियानो जुळवणारे एक वयस्क गृहस्थ आले. हातात लांब दांड्याची किल्ली, म्हणून सगळे त्यांना किल्लीकाका म्हणतात. त्यांनी माझा पुढचा भाग उघडला. आत अकरा पेन्सिली, एक कंगवा, खोकल्याच्या गोळ्यांचे कागद आणि परिचारिका ताईंचं हरवलेलं कानातलं निघालं. किल्लीकाकांनी ते सगळं माझ्यावर ओळीनं मांडलं आणि विचारलं, याला शेवटचं कुणी उघडलं होतं. बाईंना आठवेना.

काका म्हणाले, एकदम ओढलं तर या जुन्या तारा पटापट तुटतील. दर आठवड्याला थोडं थोडं वर घेऊ. आठ गुरुवार लागतील. बाईंनी बोटांवर आठवडे मोजले आणि हो म्हणाल्या. मग त्यांनी काकांना आणि औषधवाल्यांना बजावलं, की यातलं एक अक्षर गानवृंदाला कळता कामा नये. आपल्याला वर जायचंय हे समजलं की माणसांचे घसे आधीच आवळतात. चाळीस जणांचे आवळले तर दहा आठवडे काय, दहा वर्षं पुरायची नाहीत.

मग दर गुरुवारी सकाळी काका येऊन माझ्या खुंट्या पिळायचे आणि संध्याकाळी गानवृंद येऊन गायचा. माझं अंग दुखायचं. पण म्हातारपणी कुणी इतक्या काळजीनं आपल्याला हात लावतंय, याचं मला अप्रूपही वाटायचं. चौथ्या आठवड्यापासून कुरकुर सुरू झाली. परिचारिका ताईंना वाटलं, खोलीत धूळ वाढलीये. त्यांनी मावशींना खिडक्यांचे पडदे धुवायला लावले. बँकवाल्या काकू रात्री दही खायच्या बंद झाल्या. खर्जात गाणारे टायरवाले दादा तेवढे मजेत होते. खालचा सूर आता त्यांना सहज लागत होता आणि ते सगळ्यांना दम कसा साठवायचा ते शिकवत सुटले होते. औषधवाल्यांच्या दुकानातल्या घशाच्या गोळ्या संपल्या. ते कुणाच्याही डोळ्याला डोळा देईनात.

सहाव्या गुरुवारी ऐन सरावात माझी एक तार तुटली. बाई म्हणाल्या, "वय झालंय त्याचं, चला, पुढची ओळ." आणि तेवढी पट्टी टाळून त्या वाजवत राहिल्या. काकांनी नवी तार घातली, ती माझ्यात अजून नव्या पाहुण्यासारखी चकचकीत दिसते.

मग तो रविवार आला. शाळेच्या दालनाला रंग देत होते म्हणून सगळा वाद्यवृंद सकाळीच आमच्या खोलीत आला. सत्तर माणसं, आणि माणसाएवढी दोन वाद्यं त्या जिन्यावरून वर. सायकलवाल्यांनी दुकानातली बाकडी दिली. मला त्या दिवशी काम नव्हतं. बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, एक हात माझ्यावर ठेवून. ओबोनं सूर दिला. बाईंनी एका बोटानं हळूच माझी पांढरी सहा दाबली. आमच्या दोघांत आता घासाघीस नव्हती. छोटूंनी मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि काठी उचलली.

गाणं सुरू झालं. ते पान आलं. वाद्यं थांबली आणि चाळीस माणसं एकटीच उरली. माझ्यावर ठेवलेला बाईंचा हात जड झाला. ओळीमागून ओळ गेली. वरच्या सुरात गाणाऱ्या बायकांच्या माना ताणल्या होत्या, परिचारिका ताई चवड्यांवर उभ्या होत्या, पण कुणी उतरलं नाही. छोटूंची काठी वर गेली. तीस वाद्यं परत आली आणि जोडाचा आवाजसुद्धा झाला नाही. नदीला नदी मिळावी तशी ती मिळाली.

शेवटी छोटूंनी काठी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पहिली आणि शेवटची. तसं छापायला देतो."

बाईंना गप्प बसता आलं असतं. पण त्या पुढे झाल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं: मी कसा उतरलो, त्या कशा उतरल्या, किल्लीकाका, आठ गुरुवार, सगळं. धुतलेल्या पडद्यांचीसुद्धा माफी मागितली.

टायरवाल्या दादांनी विचार करून विचारलं, "म्हणजे बाई, इतकी वर्षं आम्ही सुधारत होतो, ते..."

"ते पियानो खाली येत होता."

आधी वाद्यवृंद हसला, मग गानवृंद.

"आणि या दोन महिन्यांत?" परिचारिका ताईंनी विचारलं.

"ते तुम्ही," बाई म्हणाल्या. "ते सगळं तुम्ही. त्यात माझा आणि या पियानोचा काही संबंध नाही."

हे ऐकून कोण हसलं, कोण रडलं, ते मी सांगत नाही. छोटू बहिणीजवळ येऊन हळूच म्हणाले, दिवसभर मी लोकांचे नंबर तपासतो ताई, आणि तुझ्या खोलीतला हा पियानो तपासायचं मला सुचलं नाही. बाईंनी त्याच वेळी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की किल्लीकाका वर्षातून दोनदा येतील, गरज वाटो न वाटो.

मित्रांनो, हंगाम तीन आठवड्यांवर आलाय. पत्रकं छापून आली आहेत आणि गानवृंदाचं नाव वाद्यवृंदाच्या नावाखाली तेवढ्याच जाड अक्षरांत आहे. मैफलीला मी जाणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. इथून बरोबर सूर घेऊन माणसं जिना उतरतात, एवढं मला पुरतं.

तुमच्या घरातही असं एखादं वाद्य असेल, यंत्र असेल, किंवा रोज आपलं काम करत कोपऱ्यात बसणारं माणूस असेल. त्याला जाता जाता "ठीक आहे ना?" असं विचारून पुढे जाऊ नका. ते ठीकच म्हणेल. मीही इतकी वर्षं तेच म्हणत होतो, आणि खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं वाटत होतं. म्हणून सांगतो, नुसतं विचारू नका. शेजारी बसा, झाकण उघडा आणि आत काय ताणलंय, काय सैल पडलंय, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.