सातची पट्टी माझ्या टोकापर्यंत आली होती

दिवाळीच्या सुट्टीतला रविवार, सकाळचे साडेअकरा. अकोल्याच्या जुन्या शहरातलं एक घर, समोरची खोली. विपुलने स्वयंपाकघरातून भाजी चिरायची सुरी आणली आणि खिडकीच्या चौकटीबाहेर मला कापलं.

मी केबलची काळी वायर बोलतेय. माझा वीतभर तुकडा चौकटीच्या भोकात अडकून पडला आहे. बाकीची मी शेजारच्या नसीमबानोच्या गच्चीवरून येते, भिंतीवरून उतरते आणि खिडकीबाहेर लोंबते. अजून जिवंत आहे. म्हणूनच जे झालं ते सांगणार आहे. कोणाला राग आला तर येऊ द्या.

केबलवाल्या मोईजने मला या घरात आणलं तेव्हा विपुल शाळेत होता. त्याच्या दहावीच्या वर्षी आईने, म्हणजे पार्बताबाईंनी, मला काढून ठेवायला लावलं. शेवटचा पेपर संपताच दप्तर न ठेवता तो मोईजला ओढत घेऊन आला. तेव्हा मी त्याचा जीव की प्राण होते.

पुढे तो पुण्याला नोकरीला गेला आणि मी पार्बताबाईंची झाले. त्यांचं खरं पाहणं एकच. संध्याकाळी सातचं लोकल चॅनल. गावच्या बातम्या, शाळांची स्नेहसंमेलनं, सोनाराच्या जाहिराती, आणि खाली सरकत जाणारी निधनाची पट्टी. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून निघणार. आमच्या गावात मरणाचा निरोप अजूनही असाच घरोघर पोचतो.

पट्टी संपली की फोन वाजायचा. पलीकडे माणिकबाई. दोघी एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होत्या, एका डब्यात जेवलेल्या. आता दोघींचे गुडघे गेले. एक मोर्णा नदीच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला.

"पाहलं काय वो?"

"पाहलं. तो आटाचक्कीवाला गेला न."

"अवं, मले वाटे तो कवाच गेला!"

आणि दोघी हसायच्या. मग मातीला, म्हणजे अंत्ययात्रेला, जायचं का, ऑटो कोणाचा, यावर भांडण. वर्षानुवर्षं मी हे ऐकलं.

दिवाळीला विपुल नवा टीव्ही घेऊन आला. त्याने आईला समोर बसवून हिशेब समजावला. केबल बंद. या महिन्यात एक अॅप घ्यायचं, त्यातलं पाहून झालं की ते बंद करून दुसरं. खातं अमरावतीच्या गीतांजलीसोबत, म्हणजे त्याच्या बहिणीसोबत, मिळून. "केबलचे पैसे फुकट जाऊन राहिले, आई." तिच्या मालिका त्याने बोटांवर मोजल्या. सगळ्या अॅपवर होत्या.

मोईज केबलचा सेटटॉप डबा न्यायला आला तेव्हा म्हणाला, "विपुलभाऊ, लोकल चॅनल नाही भेटत त्याच्यात."

"लोकल कोन पाहते आता?"

पार्बताबाई तिथेच, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कोणीही मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी साक्षीला आहे.

विपुल वाईट पोरगा नाही, हेही लिहून ठेवा. सुट्टीभर तो आईशेजारी बसून नवा रिमोट शिकवत होता. लाल बटण, गोल बटण, मागे जायचं बटण. जाताना आईच्या पाया पडला. वाचलेल्या पैशांत तिच्या गुडघ्यांचं तेल येईल म्हणाला. ते तेल आलंही.

आठवड्याभरात टीव्हीवर पाटी आली की या खात्यावर जास्त लोक पाहत आहेत. पार्बताबाईंनी पुण्याला फोन लावला. "कोन पाहून राहिलं माया टीव्ही?"

"गीता पाहत असन, आई. थोड्या वेळानं लाव."

"काय बाप्पा! मायाच घरात मायाच नंबर लागत नाही."

माणिकबाईंचा फोन तर मला कापलं त्याच संध्याकाळी आला होता. "पाहलं काय वो?"

पार्बताबाईंनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पाहलं."

त्यानंतर रोज हेच. माणिकबाई नावं सांगायच्या, या "हो न" म्हणायच्या. नसीमबानोने एकदा हटकलं तेव्हा म्हणाल्या, "सांगू कसं? पोरानं मायचा केबल कापला म्हनतीन लोक."

उन्हाळ्याच्या तोंडाशी माणिकबाईंचे फोन बंद झाले. यांनी लावून पाहिला, लागेना. "पोरीकडे गेली असन," असं स्वतःशीच म्हणाल्या. माणिकबाई अमरावतीला दवाखान्यात होत्या, हे मागून कळलं.

मग एका संध्याकाळी पट्टीत माणिकबाईंचं नाव आलं. अंत्ययात्रा उद्या सकाळी, राहत्या घरून. ते नाव माझ्यातून आलं. गच्चीवरून, भिंतीवरून, खिडकीपर्यंत. तिथे मी संपते. आत, हाताच्या अंतरावर, पार्बताबाई मेथी निवडत बसल्या होत्या. टीव्हीवर हिंदीत कुणीतरी केक करत होतं. मी काय करू शकत होते? माझ्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं.

नसीमबानो तेव्हा हिवरखेडला होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिच्या पोरीने, जेबाने, तिला पट्टीतलं सांगितलं. माणिकबाईंच्या घरून निरोप आलाच असेल असं धरून ती तशीच पार्बताबाईंच्या दारात गेली. "मौसी, मातीवरून आल्या काय? केव्हा नेलं?"

"कोनाले?"

नसीमबानोने माणिकबाईंचं नाव सांगितलं. तिने ऑटो बोलावला.

माणिकबाईंच्या घरी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. परतल्यावर नसीमबानोने माझ्यावर ओले कपडे टाकता टाकता जेबाला सांगितलं, ते जसंच्या तसं देते.

माणिकबाईंचा मुलगा धर्मपाल दारातच होता. म्हणाला, "काकू, तासभर थांबलो आमी. माय म्हने, पार्बता आल्याबिगर मले उचलू नका. तिचा फोन दवाखान्यातच हरवला, नंबर कोनापाशी नव्हता. पन माय सांगे, तुमी रोज पट्टी पाहता. नाही पाहली काय?"

पार्बताबाईंनी पदर तोंडाला लावला. "पाहली होती बापू. निघनं झालं नाही."

धर्मपाल वळून आत गेला. चहाही आला नाही.

ऑटोत नसीमबानो चिडली. "सच काहून नाही सांगतलं, मौसी?"

"सांगून काय होते? ती तं गेली. माया पोराचं नाव तरी राहू दे."

रात्री विपुलचा फोन आला. टीव्ही नीट चालतो का, त्याने विचारलं. "झकास हाय बापू," पार्बताबाई म्हणाल्या. तो खूश झाला. पुढच्या महिन्यात आणखी एक अॅप बंद करून आणखी पैसे वाचवणार होता.

वाचकहो, खुशाल कापा आम्हाला. आमचे दिवस भरलेत, ते मला कळतं. पण सुरी आणायच्या आधी घरातल्या म्हातारीला समोर बसवा आणि विचारा, ती संध्याकाळी काय पाहते, आणि पाहून झाल्यावर कोणाला फोन करते. या घरात दोन प्रश्न विचारायला कोणाला वेळ नव्हता. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

नसीमबानो दोनदा म्हणाली की धर्मपालकडे जाते आणि खरं काय ते सांगते. दोन्ही वेळा पार्बताबाईंनी तिला शपथ घातली. विपुलला कोणी कळवलेलं नाही. आणि धर्मपालच्या घरात आजही सगळे हेच धरून आहेत की पार्बताबाईंनी पट्टी पाहिली होती, आणि तरी त्या आल्या नाहीत.