मोठ्यानं लाव म्हणजे झालं

मी माईक बोलतोय, आणि आधी नाव घेऊन टाकतो. चूक महेश्वर सरांची होती. शेवटी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जाऊ दे, मोठे आहेत. मोठे आहेत म्हणूनच सांगतोय.

लोकांना वाटतं माईक बोलण्यासाठी असतो. बोलतो तो पलीकडचा स्पीकरचा बॉक्स. मी फक्त ऐकतो. आणि मला ऐकू येतं त्यातलं निम्मं बॉक्सपर्यंत जाऊच नये, अशा लायकीचं असतं.

आधी मी लग्नाच्या एका ऑर्केस्ट्रात होतो. माझी जाळी एका बाजूनं चेपलीय, ती नवरदेवाच्या मामामुळं. ‘मी पण म्हणतो की एक’ म्हणत त्यानं मला ओढलं आणि जमिनीवर पाडलं. पुढं वरातीत डीजे आला, ऑर्केस्ट्रा बसला आणि मालकानं मला आदिनाथला देऊन टाकलं.

आदिनाथनं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेलं. घरच्या खोलीत दाराखिडक्यांना चादरी लावून तो माझ्यासमोर गायचा. त्याचा दोस्त गुफरान गिटार वाजवायचा. औषधाची रिकामी बाटली तारांवरून सरकवली की असा सूर निघायचा, की कुणीतरी लांबच्या रस्त्यावर एकटंच चाललंय. गुफरान म्हणायचा, ह्याला कंट्री म्हणतात, अमेरिकेतल्या गावाकडच्या लोकांचं गाणं. आदिनाथ म्हणायचा, “अमेरिकेतलं कशाचं, हे तर आपल्या अक्कलकोटकडचं हाय.”

त्यांच्या अल्बममध्ये सगळंच होतं. कर्कश रॉक होतं, घोड्याच्या चालीचा ठेका होता, एका गाण्यात तर बैलांच्या घुंगरमाळा. नाव ठेवलं ‘धोटा’. मागावर उभ्या धाग्यांतून इकडून तिकडं पळतो तो धोटा. आदिनाथचे वडील निंगप्पा यांचं सगळं आयुष्य त्या धोट्याकडं बघण्यात गेलेलं.

शेवटचं गाणं त्यांच्यावर होतं. त्यासाठी एका दुपारी मला पिशवीत घालून कारखान्यात नेलं. एवढा आवाज मी कुठल्या वरातीतही ऐकला नव्हता.

“काय धरलायस त्ये?” अप्पा ओरडले.

“मागाचा आवाज घेतोय, अप्पा. गाण्यात घालणार,” आदिनाथनं त्यांच्या कानाशी ओरडून, हातवारे करून सांगितलं.

“ह्याचा? आरं, ह्यानंच माझे कान खाल्ले की.” आणि हसत सुटले. मग धागा तुटला तसा माग थांबवला, गाठ मारली, परत चालू केला. “घे, चांगला घे. लाजू नको.”

कान खाल्ले हे खरंच होतं. अप्पांना एका कानानं काहीच ऐकू यायचं नाही आणि दुसऱ्यानं फक्त मोठं. घरात बोलायचं ते हातवाऱ्यांनी. मशीनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

अल्बम मोबाईलवर आला. लोकांनी मतं लिहिली आणि आदिनाथनं ती गुफरानला मोठ्यानं वाचून दाखवली. एकानं लिहिलेलं, ‘ना धड रॉक ना धड लोकगीत, भेळ झालीय.’ एकानं लिहिलं, ‘गिटार छान, गायकाला सर्दी झालीय का?’ गुफरानची बहीण आफरीन म्हणाली, “भाई, रॉक के बीच में बैलगाडी किधर से आयी? पर अच्छी आयी.” नातेपुत्याच्या एका मुलीनं लिहिलं, ‘शेवटचं गाणं ऐकून पप्पांना फोन केला. बोलायला काही नव्हतं, तरी केला.’ हे मात्र आदिनाथनं दोनदा वाचलं. ही मतं गोड होती, कडू होती, पण एकही खोटं नव्हतं. सगळ्यांनी आधी ऐकलं होतं.

राहिलं एक मत. अप्पांचं.

चुलतभाऊ धुळाप्पा चाकणच्या कंपनीत आदिनाथला चिकटवायला तयार होता. अप्पा म्हणाले, “मी एकदा ऐकतो. मनाला बरं वाटलं तर कर तुझं, कुणाला बोलू देत न्हाय. न्हाय वाटलं तर चाकण. फक्त मोठ्यानं लाव म्हणजे झालं.”

आदिनाथनं शब्द दिला. म्हणून सभागृह. मोठे बॉक्स, आणि त्यांच्या अगदी समोर अप्पांची खुर्ची. सगळा खटाटोप एका माणसाच्या एका कानासाठी होता. समाजाचं सभागृह महेश्वर सरांच्या हातात. ते निवृत्त मुख्याध्यापक. अप्पा त्यांना देवाच्या खालोखाल मानायचे. सर म्हणाले, “सभागृह देतो की. प्रकाशन सोहळा करू. अध्यक्षस्थानी मी आहेच.”

तिथला माईक खरखरत होता म्हणून मला लावलं. कार्यक्रमाआधी सर माझ्याजवळ उभे राहून आदिनाथला म्हणाले, “नाव काय म्हणालास? धोटा? ती लिंक का काय, उघडली नाही माझ्याकडं. विश्वस्त म्हणत होते, परदेशी गुराख्यांची गाणी आहेत. असू दे, मी बोलतो.”

आणि बोलले. आधी हार, मग शाली, मग नारळ, मग विश्वस्तांचे ‘दोन शब्द’. प्रत्येकानं मला हातात धरून ठोकलं, फुंकर मारली आणि स्वतःच्या तरुणपणाविषयी सांगितलं. सगळ्यात शेवटी सर.

“मी हा अल्बम काळजीपूर्वक ऐकला आहे,” ते म्हणाले. अप्पांनी मान पुढं केली. चांगला कान बॉक्सकडं केला. “आणि दुःखानं सांगतो, यात आपलं काहीच नाही. परदेशातल्या गुराख्यांची गाणी आमच्या निंगप्पाच्या मुलानं कशाला म्हणावीत? बाप मागावर झिजला तो यासाठी? शिक्षण सोडलं ते यासाठी?”

टाळ्या वाजल्या. विश्वस्तांनी आधी वाजवल्या.

अप्पांना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. बॉक्स चांगले होते.

तोवर साखरपुड्याची मंडळी फुलांच्या पाट्या घेऊन दारात आली. सभागृह पुढं त्यांना दिलेलं. गुफरान म्हणाला, “सर, एक गाना तो लगाने दो. आखरीवाला.” सर म्हणाले, “वेळेचं भान ठेवा रे.” आदिनाथनं मला उचलून तोंडाजवळ नेलं. नुसतंच गाणार होता, गिटारीशिवाय. पण बॉक्सवाल्यानं वायर काढली होती. त्याच्या ओठातून निघालेली पहिली ओळ फक्त मला ऐकू आली.

अप्पा स्टेजजवळ आले. सरांपुढं हात जोडले. “बरं झालं सर, तुमी ऐकून सांगितलं. मला अडाण्याला काय कळतंय.”

सर तेव्हाही म्हणू शकले असते, की नाही ऐकलं. त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

आदिनाथ मला तिथंच टाकून गेला. पुढचं मला कळलं ते गुफरान न्यायला आला तेव्हा. त्यानं अप्पांसाठी स्वतःच्या मामाचा डीजे दारात उभा करायची तयारी केली होती. आदिनाथनं हातवारे करून, पाया पडून विनवलं. अप्पा म्हणाले, “झालं की आता. सरांनी ऐकलंय. शब्द दिलाय तू.” आदिनाथ चाकणला गेला. दिवाळीला परत आला तेव्हा त्यानं बापाच्या कानाला बॉक्स टेकवला. अप्पांनी त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “कायतरी हालतंय आत.” तोवर दुसराही कान गेला होता.

हे सगळं गुफराननं सरांना सांगितलं.

“अरेरे,” सर म्हणाले. “सज्जन माणूस.”

“सर, तुमी सुने क्या वो, बाद में तरी?”

“कुठलं?”

गुफराननं मला न्यायला हात पुढं केला तर सर म्हणाले, “राहू दे की इथं. त्याला आता काय लागतोय?”

म्हणून मी अजून इथं आहे. दर आठवड्याला सर मला ठोकतात, फुंकतात आणि तरुण पिढीबद्दल बोलतात. मला काही नको. मला हातात घ्याल तेव्हा एवढंच करा, ज्याच्याबद्दल बोलणार आहात ते आधी ऐकून या. नसेल ऐकलं तर मला खाली ठेवा.

आदिनाथ आता गात नाही. त्याचं गाणं त्याच्या बापानं ऐकलं नाही आणि आता ऐकू शकत नाही.