तार हॉलपर्यंतच

पंचवटीच्या बाजारात झेंडू विकताना मोतीरामआबांची हाळी पार नदीपर्यंत ऐकू जायची. त्याच आबांना अर्धांगाचा झटका आला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं आणि इंदिरानगरच्या घरात त्यांनी मागची खोली धरली ती धरलीच. आधार दिला तर चालता यायचं, पण कोणी आलं की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. त्यांची बायको नवसाबाई त्यांना घास भरवायची. "कशाला जगतोय मी," असं ते एकदा म्हणाले होते, ते तिच्या मनातून जात नव्हतं.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात कॅनडातल्या लेकीनं, सुवर्णानं, ओळखीच्या माणसाबरोबर एक डबी पाठवली. ती टीव्हीला जोडली की इंटरनेटवरचे व्हिडिओ टीव्हीवर दिसायचे. आपल्या मुलीचे व्हिडिओ तिनं खास आबांसाठी चढवून ठेवले होते.

मुलानं, शेखरनं, डबी आबांच्या खोलीतल्या टीव्हीला लावली. मोडेम हॉलमध्ये होता. त्याचं वायरलेस दोन भिंती ओलांडून मागे येईस्तोवर अर्धमेलं व्हायचं. नात बोलायला तोंड उघडायची आणि तशीच थिजायची. शेखर म्हणाला, इथे वायरलेस चालायचं नाही, भिंतीला भोक पाडून वायरच आणू. घराला नुकताच रंग दिला होता, तरी सून योगिनीनं हरकत घेतली नाही. आबांनी मान डोलावली. कितीतरी दिवसांनी त्यांना काहीतरी हवंसं वाटलं होतं.

शेखर ड्रिल घेऊन आला, तेव्हा नवसाबाई दारात आडवी उभी राहिली.

"तार नको ओढू, शेखर."

"अगं आई, मग आबांना दिसणार कसं?"

"हॉलातल्या टीव्हीवर दिसंल. डबी तिकडं लाव." मग आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "नातबी हितंच दिसाया लागली, तर ह्ये खोलीच्या बाहीर निघायचेच नाय."

आबांनी ते ऐकलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि दुपारी तिच्या हातचा घास घेतला नाही. शेवटी योगिनीनं भरवलं. नवसाबाई ओट्याशी उभी राहून रडली. आजारी माणसानं एक मागितलं, तेही आपण मोडलं, असं तिला वाटत राहिलं. तरी तिनं शब्द मागे घेतला नाही.

हॉलमध्ये मोडेम टीव्हीशेजारीच होता. शेखरनं हातभर वायर थेट डबीत खोचली आणि संध्याकाळी व्हिडिओ न अडखळता सुरू झाला. बर्फात उभी राहून नात मोडक्यातोडक्या मराठीत आबांना हाका मारत होती.

मागे खाट करकरली. नवसाबाई धावली, तर आबा भिंत धरून उभे. तिनं खांदा पुढे केला. हॉलच्या दारात मात्र ते थबकले. शेजारच्या भागीबाई विरजण मागायला येऊन बसल्या होत्या. आबांचा हात तोंडावर गेला. भागीबाई फक्त सरकल्या आणि सोफ्यावर त्यांना जागा करून दिली.

आबा बसले. बराच वेळ पाहत राहिले. मग जड जिभेनं काहीतरी म्हणाले. भागीबाईंना कळलं नाही. त्यांनी नवसाबाईकडे पाहिलं. नवसाबाई सांगणार, तेवढ्यात आबांनी तिला हातानं थांबवलं आणि तोंडावरचा हात काढून स्वतःच, एकेक अक्षर जुळवत, पुन्हा सांगितलं,

"पोरीच्या कानाला... टोपी नाय. वारं लागंल."

"तर काय," भागीबाई म्हणाल्या. "सुवर्णाला कळवा."