रातांब्याचा निळा घोट

वैशाख पेटला होता. माडांच्या झावळ्यांतून सुवर्णऊन चिऱ्यांच्या अंगणावर ठिबकत होते, आणि परसातल्या रातांब्यांच्या गर्द, गंभीर, भारावनत फांद्यांना माणकांचे घोस लागले होते.

मनोरमेच्या खोपीत रंग जन्मत होता. ना चुलीचा धूर, ना औषधाचा उग्र दर्प. केवळ विहिरीचे शीतल जल आणि त्यात सोडलेल्या फळसालींचे दीर्घ मौन. पाणी आधी गुलाबी होई, मग आरक्त, मग असे सखोल लाल, की पाहणाऱ्याची वाचा थबकावी. उरल्या सालींची आमसुले होत, बियांचे तेल निघे, धुणवणही पोफळींच्या मुळांशी जाई.

तिचा नवरा गंगाराम नाक्यावर सरबताचा गाडा लावी. त्याची लाली डबीतल्या भुकटीची. दिवसभर जिभेवर डाग ठेवणारी. गिऱ्हाइके एकेक करून गाड्यावरून खोपीतल्या या रंगाच्या सरबताकडे वळली, तेव्हा तो नुसता हसला होता. ते हसू मनोरमेला कळले नव्हते.

त्या सकाळी कोल्हापूरहून आइस्क्रीम करणाऱ्या विमलताई रंग पाहायला यायच्या होत्या. साऱ्या हंगामाचा रंग त्या उचलणार होत्या. मनोरमेने रंगाच्या पिंपावरचे फडके सोडले.

आत फेस होता. फेसाखाली तिची लाली मेली होती: निळसर, करडी, बुडालेल्या माणसाच्या ओठांसारखी.

दारात गंगाराम उभा होता.

"हेच्यात काय घातलात तुमी?"

"खायचो सोडो," तो शांतपणे म्हणाला. "बायांक सांग, आज निळो रंग गावतलो."

लिंबे पिळली तर लाली परतेल, हे तिला ठाऊक होते. पण ती लाली उसनी. फळ आणि पाणी, तिसरे काही नाही, असा शब्द तिने विमलताईंना दिला होता.

अंगणात पावले वाजली. विमलताई आल्या, मागोमाग दोन शेजारणी. मनोरमा रडली नाही. तिने पेला पिंपात बुडवला, काठोकाठ भरला आणि सर्वांदेखत नवऱ्यापुढे धरला.

"घेवा. रंग तुमचो, घोट तुमचो."

नाकारणे म्हणजे कबुली देणे. तो प्याला. खारट, कडवट, कोमट. तिने पुन्हा भरला. तो पुन्हा प्याला. तिसऱ्या पेल्याला त्याचे डोळे भरून आले. पुरे, असे तो पुटपुटला, आणि क्षणभर त्याचा चेहरा लग्नातल्या त्या लाजऱ्या मुलाचा झाला. तिने तो चेहरा पाहिला. पाहिला, आणि चौथा पेला भरला.

कोणी तिला अडवले नाही. विमलताईंनी नजर वळवली, पदर सावरला, आणि सौद्याचा शब्दही न काढता त्या गाडीत जाऊन बसल्या.

तो पायरीवर पोट धरून ओकत राहिला. तिने पिंप कलंडले. एक अख्खा वैशाख तांबड्या चिऱ्यांवरून निळा, निळा वाहत गेला.

ऊन चढले, ओल आटली. मुंग्यांची एक बारीक काळी रेघ त्या डागापाशी आली, थबकली, आणि दुरून वळसा घालून निघून गेली.