एका जागेचा मास्क

खिळ्यावर मास्क लटकत होता आणि त्याला मशेरीचा वास येत होता — शोभाच्या मशेरीचा, जळकट, तोंडातल्या ओलीसकट. सरलाबाईनं तो नाकापासून हातभर लांब धरला. काय बाई आहे ही! उतरवणारीनं धुवायचा, घालणारीनं कोरडा घ्यायचा, एवढं साधं ठरलेलं. सकाळपाळीची आया सरलाबाई, दुपारपाळीची शोभा, आणि दोघींत मास्क एकच, कारण मास्क माणसाला नव्हे, जागेला मिळाला होता. अर्धी सुरत गाड्यांना लोंबकळून पळाली, निम्मे डॉक्टर पळाले, प्लेगच्या वॉर्डातली बेडपॅन उचलायला मात्र लिंबायतच्या झोपडपट्टीतल्या बायका... आणि त्यातही हिनं मास्क असा घाण टाकून जावं?

"सिस्टर, हाऊ मास्क धुयेल नही शे. नवा द्या."

विजया सिस्टरांनी एकावर एक दोन मास्क बांधले होते. "तुम्ही रोजंदारीवरच्या. यादीत नाव नाही तुमचं." मग नजर चुकवून म्हणाल्या, "शोभा नाही धुणार आता. काल चारला तिला ताप भरला. आत आहे, अकरा नंबरवर."

सरलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. दोन! हिच्या एका नाकाला दोन, आणि आमच्या दोन नाकांत एक! ते दोन्ही ओढून काढावेत, टराटरा फाडावेत... हात उचललाही तिनं, पण त्याच हातात तो मास्क होता, वास पुन्हा आला — आणि कालचे दुपारचे दोन आठवले. नळाला पाणी नव्हतं. पोरांना सासूबरोबर धुळ्याच्या ट्रकमध्ये बसवायचं होतं, नवरा फाटकाशी ओरडत होता, आणि तिनं मास्क तसाच खिळ्याला अडकवला होता. परवा? परवाही तसाच. मशेरी तर मीही लावते... शोभाला आला असेल ना वास? आणि ती काही न बोलता नाड्या बांधून आत गेली असेल.

तोंडाशी आलेली शिवी कुणाच्या नावानं घालावी, ते तिला कळेना. सगळी सिस्टरांना घातली तरी थोडी उरतच होती.

आतून खोकला आला, मग आलीस का म्हणून विचारणारा शोभाचा बारीक आवाज. "सरलाबाई, उनी का व तू?"

ती तशीच उभी राहिली, मास्क मुठीत आवळून. राग ओसरला नव्हता. फक्त तो राग घेऊन शोभापुढे जायची आता तिला लाज वाटत होती.