सात वाजून बारा मिनिटं

ऐका, ऐका! मी वालूरच्या सांबप्पांच्या छातीतून बोलतोय. डाव्या खांद्याच्या जरा खाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडासा मोठा असा मी बसलोय. दवाखान्यातलं माझं नाव लांबलचक आहे. वालुरात मला नुसतं 'मशीन' म्हणतात, आणि मला ते चालतं.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला, पण खरं आयुष्य सुरू झालं ते तीन वर्षांपूर्वी, सांबप्पांच्या अंगात शिरलो तेव्हा. त्यांचं काळीज अधूनमधून उधळायचं. उधळलं की झटका द्यायचा आणि त्याला ताळ्यावर आणायचं, एवढंच माझं काम. बराच काळ तशी वेळ आलीच नाही. आयतं बसून खात होतो म्हणा ना! त्यांचं कापडाचं दुकान, गिऱ्हाइकांशी घासाघीस, बायकोशी, म्हणजे नीलम्मांशी, रोजची कुरबुर, सगळं ऐकत मी मजेत होतो.

माझा शेजारीही मोठा. सांबप्पा लिंगायत, त्यामुळं चांदीच्या डबीतलं इष्टलिंग कायम गळ्यात, माझ्यापासून चार बोटांवर. रोज आंघोळ करून कपाळाला भस्म लावायचं, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि मगच तोंडात घास. ते अंगावरून उतरवायचं नसतं, आणि हातातून पडणं तर फारच वाईट मानतात.

आणि माझ्यामुळंच ते पडलं. श्रावणातल्या एका सोमवारी, पूजा चालू असताना काळीज सुसाट सुटलं. मिनिटाला दोनशे तीस ठोके! मी वेळ दवडला नाही, दिला दणका. काळीज ठिकाणावर आलं. अहो, मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो, जीव वाचवला होता मी! पण लिंग तळहातावरून निसटून फरशीवर गेलं.

काळीज उधळलेलं सांबप्पांना कळलंच नव्हतं. कळला तो फक्त दणका, बैलानं लाथ घालावी तसा. त्यांनी भलताच अर्थ काढला. "ह्या दोघांचं एका छातीवर जमायचं न्हाई," ते म्हणाले, आणि लिंग देवघरात ठेवून दिलं.

झालं, माणूस बसला तो बसलाच. दुकान नाही, जिना नाही, तपासणीलाही जाईनात. पूजा नाही म्हणून घास घशाखाली उतरेना, चतकोर भाकरीवर हात धुवायचे. लोक येऊन विचारायचे, "मशीन ठीक हाय का?" ठीकच होतं हो मशीन! माणसाला कुणी विचारीना. मला असा संताप यायचा म्हणून सांगू, पण तोंड आहे कुठं मला?

"आवो, लिंगाबिगर कसं राहायलाव तुमी?" नीलम्मांनी एकदा विचारलं. सांबप्पा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

शेवटी कार्तिकात नीलम्मांनीच नवऱ्याला हट्टानं परभणीच्या दवाखान्यात नेलं. तिथं मला तोंड फुटतं बरं का! भक्ती नावाची मुलगी छातीवर एक चपटं यंत्र ठेवते आणि मी साठवलेलं सगळं तिच्या पडद्यावर भडाभडा ओकतो. या खेपेला तर मला दम निघत नव्हता.

"काका, श्रावणात एका सोमवारी, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी तुमी काय करत होतात?"

"पूजेला बसलो होतो, माय. लिंगानं मशीन बिघडलं."

भक्तीनं पडदा त्यांच्याकडं वळवला. "ह्या रेघा बघा. काळीज आधी पळालं, झटका मागून बसला. लिंगाचा काय संबंध? मशीननं तुमाला वापस आणलं."

हेच! हेच मी इतके महिने आतून सांगत होतो!

मग तिनं खुर्ची जवळ ओढली. "मशीन चांगलं हाय. तुमी कसे हायत, काका? झोप लागती का?"

सांबप्पांनी मान हलवली. "न्हाई, माय. लय भ्या वाटतं. परत बसंल का झटका?"

"बसू शकतो," भक्ती खोटं बोलली नाही.

"मंग लिंग परत पडंल की."

मी काळीज आवरतो, पण पडणाऱ्या वस्तूला मी काय करणार?

नीलम्मांनी दोन्ही हात पुढं केले. त्या म्हणाल्या, "पडू दे. खाली माजी ओंजळ राहील."

मंडळी, तुमच्या घरात कुणाच्या छातीत माझा भाऊबंद असेल, तर यंत्राची चौकशी मागून करा. आधी त्या माणसाला विचारा, भ्या वाटतं का. आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.

बरं, आता बोलणं पुरे, कामाची वेळ झाली. चांदीची डबी पुन्हा माझ्या शेजारी आलीय. लिंग सांबप्पांच्या तळहातावर आहे, आणि तळहाताखाली नीलम्मांची ओंजळ. काळीज धडधडतंय. एकशे वीस, एकशे दहा. मी तयार आहे. नव्वद. ब्याऐंशी. नाही, आज माझी गरज दिसत नाही.

पूजा संपली. नीलम्मा अजून ओंजळ धरूनच बसल्यात.

"काढ आता हात," सांबप्पा म्हणतात. "लय भूक लागली."