तारेला बांधलेला कॅमेरा

बसा, बसा. त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, जरा भिंतीला रेलून बसा. कॅमेरा मोबाईलवरून मागवावा की त्या सेलवाल्या मोठ्या दुकानातून आणावा, एवढंच विचारलंत ना? आता एका शब्दात उत्तर दिलं तर तुम्ही उठून जाल आणि मी परत भिंतीकडे बघत बसेन. त्यापेक्षा एक किस्सा ऐका. माझ्यावरच गुदरलेला आहे, त्यामुळे मीठमसाला लावायची गरज नाही. ऐका, आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

हा स्टुडिओ माझा आणि ताईचा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेला, पोराला कडेवर घेऊन माझ्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बसून खाणार नाही हं मी, काम सांग." काम काय, मी कॅमेरा धरायचा आणि तिने पांढरा पुठ्ठा धरायचा. उजेड पुठ्ठ्यावर आपटतो आणि माणसाच्या तोंडावर येतो, डोळ्यांखालचं काळं जातं. इथल्या निम्म्या लग्नांच्या फोटोत अगदी कडेला एक कोपर आलंय बघा. ते ताईचं. तेवढं कोपर सोडलं तर तिचा फोटो नाही. कधी म्हटलं, ये, उभी राहा, तर म्हणायची, "मी तिकडे आले तर पुठ्ठा कोण धरणार? तुझा सासरा?"

भाचा मोठा झाला, लांब नोकरीला लागला, घर घेतलं. बायकोला दिवस गेले तशी त्याला आई आठवली. आला आणि म्हणाला, "आई, आता आराम कर. कायमची थोडीच नेतोय!" असं म्हणाला आणि दोन दिवसांत तिचा पलंग विकून मोकळा झाला. पलंग विकला की काय समजायचं ते माणूस समजतो. ताई मला म्हणाली, "जायच्या आधी माझा एक फोटो काढ. नीट काढ. तिकडे भिंतीला लावीन, म्हणजे त्या घरात मीपण आहे हे मला तरी कळेल."

आता बघा, आख्ख्या जन्मात त्या बाईने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. आणि नेमका तेव्हाच माझा कॅमेरा मेला. बटण दाबलं की आत म्हातारा खोकल्यासारखा आवाज यायचा, आणि पडद्यावर काळंकुट्ट.

आमचे जावई म्हणाले, "बाबा, काळजी नको, मी मोबाईलवर मागवतो. स्वस्तही पडेल." मागवला. मग रोज त्यांचा फोन. पार्सल निघालं. पार्सल पोचलं. म्हटलं, कुठे पोचलं? तर दुसऱ्याच गावी. तिथून परत निघालं. मी म्हटलं, जावईबापू, तो कॅमेरा आहे की बेवारस पोर? कुणी ठेवूनच घेईना त्याला.

ताईचा जायचा दिवस उजाडला तरी पार्सल वाटेतच. दुपारच्या आगगाडीने जायचं होतं. सकाळी जावयांचा फोन. "बाबा, त्या मोठ्या दुकानात जा. कॅमेरा घ्या, ताईंचा फोटो काढा आणि उद्या परत देऊन टाका. घेतात ते परत. कारण विचारलं तर म्हणा, आवडला नाही."

"पण आवडला तर?"

"बाबा, तुम्ही ना... जा हो लवकर!"

आता मला घर सोडून जाणं म्हणजे सोपं नाही. आमची मंडळी अंथरुणावर असते. कमरेखालून गेलीय. थोड्या थोड्या वेळाने तिला कुशीवर वळवावं लागतं. शेजारच्या वहिनींना तिच्यापाशी बसवलं आणि म्हटलं, हा गेलो आणि हा आलो.

दुकान कसलं, गोदामच ते. दार आपोआप उघडतं आणि पाठीमागे आपोआप मिटतं. आत एक खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की अंधार पडलाय, कळायची सोय नाही. कॅमेरे अगदी शेवटी. आधी फ्रिज, मग धुलाईच्या मशिनी, मग मिक्सर, सगळ्यांना वळसे घालत जायचं. जायची वाट एक, यायची वेगळी. उंदराच्या सापळ्यालाही एवढी वळणं नसतात.

तिथे एका लांब टेबलावर कॅमेरे मांडलेले, आणि प्रत्येकाला पोलादी तार. दावणीला गुरं बांधावीत तसे. टाय लावलेला एक जाडसर गृहस्थ उभा होता. मला वरून खालून बघून म्हणाला, "काका, घेणार ना नक्की? नाहीतर लोक इथे हाताळतात आणि घरी जाऊन मोबाईलवर मागवतात."

मी म्हटलं, "छे हो! घेणारच."

"मग हा बघा. सेलमधला शेवटचा पीस. खोक्यातले संपले, हा टेबलावरचाच राहिलाय."

मी उचलला. आणि तिथेच घात झाला. तुम्ही उचलला असता तर हातात धरून इकडून तिकडून बघितला असता. पण माझा हात कॅमेऱ्याला लागला की पुढचं मला विचारून होत नाही. पहिलं काम, पट्टा गळ्यात. दुसरं काम, समोर माणसं असोत नसोत, चांगली ढांगभर मागे. सगळी फ्रेममध्ये बसायला हवीत ना!

मागे सरकलो आणि अशी शिट्टी वाजली म्हणता, कानाचे पडदे फाटले. त्या पट्ट्यातून बारीक तार ओवलेली होती आणि तिला दातेरी चाप. ओढली की आवळते, सैल काही होत नाही. गळा दाबला गेला नाही, श्वास चालू होता, पण पट्टा हनुवटीच्या वर येईना. एक कान बाहेर काढला तर दुसरा अडकतो.

टायवाल्याने टेबलाखाली हात घालून शिट्टी बंद केली. म्हणाला, "काका, गळ्यात कशाला घातलात?"

"मग कॅमेरा काय कमरेला बांधू? चावी आणा."

"चावी साहेबांकडे."

"साहेब कुठे?"

"दुसऱ्या शाखेत गेलेत. फोन करतो." केला. म्हणाला, "निघालेत."

म्हटलं, "माझं पार्सलही निघालंय."

"कसलं पार्सल?"

"काही नाही. कात्री आणा."

"कात्री मोडेल हो, पोलाद आहे. आणि पक्कड लावली तर भरपाई माझ्या डोक्यावर. घरी दोन पोरी आहेत, काका."

आता त्या माणसाच्या पोटावर पाय कसा द्यायचा? उभा राहिलो. माझ्या बरोब्बर डोक्यावर पाटी लटकत होती, 'शेवटचा पीस. आजच घरी न्या.' येणारा जाणारा आधी पाटी वाचायचा, मग मला बघायचा. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "नको हो, आपल्याकडे एक आहे." हसले सगळे. मोबाईल निघाले, फोटो निघाले. जन्मभर मी लोकांचे काढले, त्या दिवशी लोकांनी व्याजासकट परत केले.

हसण्यावारी नेलं मी, पण नजर सारखी घड्याळाकडे जात होती. मागे भिंत, पुढे टेबल, आणि तारेची लांबी एवढी की फार तर उजवीकडच्या इस्त्रीपर्यंत हात पोचावा. तिकडे घरी मंडळी एकाच कुशीवर. आणि ताईची गाडी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

शेवटी ताईला फोन लावला. म्हटलं, "ताई, मी दुकानात अडकलोय."

"गर्दी आहे का?"

"गर्दी नाही. अडकलोय म्हणजे गळ्याने अडकलोय."

म्हणाली, "तुझ्या बायकोला मी वळवून ठेवते. मग येते तिकडे. कुठे जाऊ नकोस." म्हणजे बघा!

आली. प्रवासाचे कपडे, हातात पिशवी, मागे भाचा मोबाईलमध्ये गाडीची वेळ बघत. मला बघितलं आणि डोक्याला हात लावला. "लहानपणी कुंपणात डोकं घालून बसायचास. या वयात तरी अक्कल येईल वाटलं होतं."

भाचा म्हणाला, "मामा, काय हे! आई, आपल्याला उशीर होतोय हं. मी भाड्याची मोटार दारापुढे लावलीय, हटकतील तिथे." मग जरा नरम होऊन म्हणाला, "फोटोच हवाय ना? थांब, मी मोबाईलवर काढतो, दोन सेकंदांचं काम."

ताई म्हणाली, "तुझ्या मोबाईलमध्ये माझे फोटो कमी आहेत का? त्यातला एकतरी उघडून बघितलास कधी? काढेल तर हाच काढेल, नाहीतर राहू दे. तू जा, गाडीत बस. आले मी." तो गेला.

मी कॅमेरा चालू केला. पडद्यावर लाल अक्षरं आली, कार्ड नाही. आता दुकानातल्या कॅमेऱ्यात कार्ड कशाला घालून ठेवतील? टायवाल्याला म्हटलं, "एक कार्ड द्या, विकतच द्या." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. कार्डं काचेच्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि चावी साहेबांच्या त्याच जुडग्यात. त्याने परत फोन लावला. साहेब रस्त्यात अडकले होते. म्हणजे मी इथे, साहेब तिथे, कार्ड पेटीत, पार्सल देव जाणे कुठे. सगळे एकाच नशिबाचे.

ताईला म्हटलं, "काढता येईल, पण राहणार नाही गं. पडद्यावर दिसेल आणि जाईल."

तिने पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "काढ. मला बघू तरी दे."

मग काय सांगू तुम्हाला! तिने वर बघितलं, त्या पांढऱ्याफटक ट्यूबा बघितल्या, आणि तोंड वाकडं केलं. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तक्ता कोपऱ्यात पडला होता, तो उचलला आणि टायवाल्याच्या हातात दिला. "धरा. असा नाही, तिरका. वर. अजून वर. हात दुखला तर दुखू दे." तो बिचारा टाय खांद्यावर टाकून तक्ता धरून उभा. एरवी मी मागे सरकतो, त्या दिवशी मला जागाच नव्हती, तर ती सरकली. थेट टीव्हींच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. मागे पन्नास पडद्यांवर तेच तेच निळे मासे पोहतायत, आणि पुढे माझी ताई. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. त्या हातांना पुठ्ठ्याशिवाय उभं राहायची सवयच नव्हती.

"हसू का?"

"तुला वाटलं तर हस."

नाही हसली. मी काढला. चांगला आला हो. माझ्या हातून एवढा चांगला फोटो फार वेळा आला नाही. ती जवळ आली, माझ्या गळ्याशी वाकून पडद्यात बघू लागली. बराच वेळ बघत होती. "आईसारखी दिसायला लागले की रे," म्हणाली. तेवढ्यात पडदा मंद झाला. ती घाबरून म्हणाली, "थांबव ना!" मी बटण दाबलं, आणि फोटो गेला. परत ती लाल अक्षरं.

बाहेर भाच्याने हॉर्न दिला. तो पार आत कॅमेऱ्यांपर्यंत ऐकू आला.

"परत काढू?" मी म्हटलं.

"नको. बघितलं मी." मग माझ्या गळ्यातल्या तारेला बोट लावून म्हणाली, "तुझा साहेब चावी घेऊन येईल तरी."

पिशवी उचलली. आपण निघताना 'येते' म्हणतो ना? लहान पोरही 'येतो' म्हणतं. ती म्हणाली, "जाते रे."

मी काही विचार केला नाही, तिच्यामागे निघालो. दोन पावलं गेलो असेन, तार ताठ झाली आणि शिट्टी बोंबलली. त्या बोंबेत मी "ताई, ताई" करतोय आणि मलाच माझा आवाज ऐकू येईना. फ्रिजच्या रांगेपाशी ती वळली, आणि दिसेनाशी झाली. तिने मागे बघितलं का? मला नाही दिसलं.

साहेब आले. पोरगेलाच होता, चांगला माणूस. पेनासारखं काहीतरी चापाला टेकवलं, टक् झालं, सुटलो. माफी मागत होता, पाणी देत होता. मी यायच्या वाटेने नाही, जायच्या वाटेनेच उलटा धावलो, धुलाईच्या मशिनींना धडकत. दारात गाडी नव्हती. स्टेशनावर जावं म्हटलं, तर शेजारच्या वहिनींचा फोन, "भाऊजी, मला आता घरी जायला हवं, तुम्ही येताय ना?" आलो घरी. मंडळी कुशीवर होती. ताईने वळवून ठेवली होती ना, तशीच.

पार्सल त्याच संध्याकाळी आलं. उत्तम कॅमेरा आहे, खोटं कशाला बोलू? म्हणजे मोबाईलवरून घ्या नाहीतर दुकानातून घ्या, कॅमेरा चांगलाच निघतो. वेळेवर निघेल असं मात्र नाही.

त्याला आता दोन वर्षं होत आली. मला तिकडे जाता येत नाही, मंडळीला टाकून एक रात्रही काढता येत नाही. तिला इकडे येता येत नाही, भाच्याचं पोर तिच्याच अंगावर टाकलंय. भाचा व्हिडिओ लावून देतो, तर ती फोन उताणा धरते आणि बोलत बसते. मला आपला त्यांचा पंखा दिसतो. म्हटलं, तोंड दाखव. म्हणते, "त्यात काय बघायचंय?" भिंतीवर काय लावलंस विचारलं, तर म्हणाली, "कॅलेंडर."

मघाशी तुम्ही बोलता बोलता म्हणालात, तुमची बदली तिकडेच झालीय. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळतेय. कॅमेरा तुम्ही कुठूनही घ्या हो. पण तिकडे गेलात की एकदा तिच्या घरी जा. पत्ता देतो. म्हणावं, तुझ्या भावाने पाठवलंय, एक फोटो काढायचाय. ती नाही म्हणेल, काम काढेल, पोर रडतंय म्हणेल, चहा देऊन वाटेला लावायला बघेल. तुम्ही चहा घ्या, हवं तर दोनदा घ्या, पण फोटो काढल्याशिवाय तिथून उठू नका. एवढं कराल का माझं?